पालक, शाळा आणि धर्मशिक्षण : आयर्लंडचा दोनशे वर्षांचा अनुभव

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोठे घालावे? उर्दू शाळेत घातले तर दीनाचे वातावरण राहते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत घातले तर शाळा घराजवळ पडते आणि गावातल्या सर्व मुलांशी ओळख होते. मिशनऱ्यांच्या शाळेत घातले तर इंग्रजी चांगले येते, पण तेथल्या सकाळच्या प्रार्थनेचे काय, हा प्रश्न आजीच्या मनातून जात नाही. वडील एक म्हणतात, आई दुसरे म्हणते, मामा तिसरेच सुचवतात. शेवटी बहुतेक वेळा जेथे जागा मिळते तेथे मूल जाते, आणि आपणच निवड केली असे आपण समजतो.

हा प्रश्न केवळ आपल्याच समाजापुढे आहे असे आपल्याला वाटते. वास्तविक जगात अनेक देशांत पालक याच विवंचनेत असतात. त्यांतील एका लहानशा देशाची हकिकत पालक बंधुभगिनींपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे मांडण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. तो देश म्हणजे आयर्लंड. इंग्लंडच्या पश्चिमेस असलेले हे बेट आपल्याप्रमाणेच इंग्रजांच्या अंमलाखाली होते. तेथे बहुसंख्य लोक कॅथलिक, राज्यकर्ते प्रॉटेस्टंट, आणि उत्तरेकडे प्रेस्बिटेरियन पंथाची मोठी वस्ती. सर्व पंथांच्या मुलांनी एका वर्गात बसावे की आपापल्या धर्माच्या शाळेत जावे, हा वाद तेथे जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे. त्या वादाचा एक धागा आपल्या देशापर्यंत येऊन पोहोचतो, तोही पुढे येईलच.

प्रथम त्याआधीच्या काळाकडे पाहू. १६९५ मध्ये आयर्लंडच्या संसदेने कायदा करून कॅथलिकांना शाळा चालविण्यास आणि मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठविण्यास बंदी केली. बंदी झाली म्हणून शिक्षण थांबले नाही. शिक्षक रानात, गावाबाहेर, झुडपांच्या कुंपणाआड मुले जमवून शिकवू लागले. या शाळांना तेथे कुंपणाच्या शाळा असेच नाव पडले. कायदा सैल झाल्यावर त्या झोपड्यांत आणि गोठ्यांत भरू लागल्या, पण नाव तेच राहिले. १७८२ मध्ये परवाना घेऊन शिकविण्याची मुभा कॅथलिक शिक्षकांना मिळाली आणि पुढे दहा वर्षांनी परवान्याची अटही गेली. या शाळांना सरकारची दिडकीही मिळत नव्हती. गरीब शेतकरी चार पैसे, कधी लोणी, कधी चुलीसाठी जळण देऊन मास्तरांचा चरितार्थ चालवीत. १८२४ साली नेमलेल्या चौकशी मंडळाने मोजदाद केली तेव्हा पालकांच्या फीवर चालणाऱ्या अशा शाळा सुमारे ९,००० भरल्या. ज्यांना आपण अडाणी समजतो अशा आईबापांनी, कोणी सांगितले नसताना, एवढे मोठे काम उभे केले होते. पालकांच्या निवडीचा इतिहास लिहायचा तर त्याची सुरुवात येथूनच करावी लागेल.

त्याच सुमारास काही सद्भावी मंडळींनी दुसरा प्रयोग केला. १८११ मध्ये डब्लिन शहरात एक संस्था निघाली. ती ज्या जागी होती तिच्यावरून ती किल्डेअर प्लेस संस्था म्हणून ओळखली जाते. तिचा हेतू चांगला होता. कोणत्याही पंथाचा भेद न करता गरिबांच्या मुलांना शिकवावे, चांगली स्वस्त पुस्तके छापावीत, शिक्षक तयार करावेत. सरकारने १८१६ पासून तिला अनुदानही दिले. फक्त एक नियम होता. शाळेत बायबल वाचले जाईल, पण त्यावर कोणतेही भाष्य केले जाणार नाही. प्रॉटेस्टंट मंडळींना वाटले की यापेक्षा निःपक्षपाती नियम तो कोणता? कॅथलिकांना मात्र तो पटला नाही. धर्मग्रंथ चर्चच्या विवरणासह समजून घ्यावा ही त्यांची पद्धत. नुसता मजकूर मुलाच्या हाती देणे हीच प्रॉटेस्टंटांची रीत, तिला निःपक्षपाती कसे म्हणायचे, असे ते विचारू लागले. आपल्या वाचकांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरज नाही. तफसीर आणि उस्ताद यांचे महत्त्व ज्या घरात मानले जाते त्या घराला तो सहज कळेल. कॅथलिकांचे थोर पुढारी डॅनियल ओकॉनेल हे या संस्थेच्या मंडळावर होते. ते १८२० मध्ये बाहेर पडले. एका बाजूला जे तटस्थ वाटते ते दुसऱ्या बाजूला तसे वाटेलच असे नाही, हे त्या प्रकरणात उघड झाले.

मग आला १८३१ चा ऑक्टोबर महिना. आयर्लंडचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांनी लीन्स्टरच्या ड्यूकना एक पत्र लिहिले. संसदेचा कायदा नाही, ठराव नाही, एक पत्र! आणि त्या पत्रावर एका देशाची प्राथमिक शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली. पुढे १९९८ मध्ये शिक्षणाचा सर्वसाधारण कायदा होईपर्यंत तिला याहून भक्कम पाया नव्हता, हे वाचून आपल्याकडील कायदेपंडितांना नवल वाटेल. या पत्राप्रमाणे सात सदस्यांचे मंडळ नेमले गेले. त्यात तीन सदस्य राजमान्य प्रॉटेस्टंट चर्चचे, दोन कॅथलिक आणि दोन प्रेस्बिटेरियन गटाचे होते. डब्लिन येथील प्रॉटेस्टंट आर्चबिशप व्हेटली आणि कॅथलिक आर्चबिशप मरी एका टेबलाशी बसले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

स्टॅन्ली यांच्या योजनेचा गाभा असा की लिहिणे, वाचणे, गणित हे सर्व मुलांनी एकत्र शिकावे आणि धर्म मात्र वेगवेगळा शिकावा. धर्मशिक्षणासाठी आठवड्यातील दिवस ठरवून द्यावा किंवा शाळेच्या वेळेच्या आधी वा नंतर ते द्यावे. ज्या पंथाचे मूल त्या पंथाच्या पाद्र्याने त्याला शिकवावे. एका पंथाचे लोक दुसऱ्याच्या मुलांना आपल्याकडे ओढीत आहेत असा संशयसुद्धा येता कामा नये, अशी काळजी घेण्यात आली. कोणत्या वेळी काय चालले आहे हे पालकांना कळावे म्हणून धर्मशिक्षणाच्या वेळी तशी पाटी लावण्याचा नियम झाला. शेजाऱ्याशी, मग तो कोणत्याही मताचा असो, सलोख्याने वागावे असा एक सामान्य पाठ शाळेत टांगून ठेवण्यात आला. ज्या गावातून दोन्ही पंथांचे लोक मिळून अर्ज करतील त्या गावाला आधी पैसा द्यायचा असेही ठरले. म्हणजे सर्वधर्मीय शाळेची कल्पना आज कालची नसून ती १८३१ ची आहे. त्या वर्षी आपल्या मुंबई इलाख्यात सरकारी शाळा फार थोड्या होत्या.

या योजनेचे काय झाले? ती मोडली नाही, तिला कोणी रद्दही केले नाही. ती आतून बदलत गेली, आणि कशी बदलली हे पाहण्यासारखे आहे. उत्तरेतील प्रेस्बिटेरियनांनी प्रथम कडवा विरोध केला, काही ठिकाणी शाळांवर हल्ले झाले. १८४० मध्ये त्यांनी आपल्याला हव्या त्या सवलती पदरात पाडून घेतल्या आणि मग ते योजनेत आले. राजमान्य चर्चच्या मंडळींनी १८३९ मध्ये आपली वेगळी शिक्षणसंस्था काढली. पश्चिमेकडील ट्यूअमचे कॅथलिक आर्चबिशप मॅकहेल यांनी सरकारी शाळांवर बहिष्कारच घातला. रोमपर्यंत तक्रार गेली, तेव्हा १८४१ मध्ये तेथून उत्तर आले की प्रत्येक बिशपने आपापल्या प्रांतापुरते ठरवावे. दरम्यान शाळा बांधायच्या तर गावाने एकतृतीयांश खर्च उचलायचा होता. जागा मिळवायची, वर्गणी गोळा करायची, अर्ज लिहायचा, हे खेड्यात कोण करणार? ज्याला लिहिता येते आणि ज्याच्या शब्दाला मान आहे तो. म्हणजे पाद्री. पाद्री व्यवस्थापक झाला, त्याने आपल्या पंथाचा मास्तर नेमला, मास्तरामागे त्या पंथाची मुले आली. शतक संपता संपता बहुतेक शाळा एकेका पंथाच्या होऊन बसल्या. कागदावर सर्व शाळा सर्वांच्या होत्या. गावात विचारले तर पोरेसुद्धा सांगत, ही त्यांची, ही आमची.

या साऱ्या इतिहासात एक बारीकसा नियम आहे, त्याकडे आपल्या पालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. आरंभी अशी रीत होती की धर्मशिक्षणाची वेळ झाली की दुसऱ्या पंथाच्या मुलाला बाहेर पाठविणे हे शिक्षकाचे काम. पालकांनी स्वतः इच्छा दर्शविली तरच ते मूल आत बसेल. १८४७ मध्ये हा नियम फिरविला गेला. त्या बदलाला स्टॉपफर्ड यांचे नाव मिळाले आहे. आता मूल आत बसेलच. पालकांना नको असेल तर त्यांनी तसे सांगावे. दिसायला फरक क्षुल्लक आहे. पण ज्या शेतकऱ्याची जमीन त्याच पंथाच्या जमीनदाराची, ज्याला लिहिता येत नाही, ज्याला पुढच्या वर्षी धाकट्या मुलासाठी याच मास्तरांकडे यायचे आहे, तो माणूस शाळेच्या दारात उभा राहून माझ्या मुलाला बाहेर पाठवा असे म्हणेल काय? पूर्वी शाळेने पालकाला विचारायचे होते. आता पालकाने शाळेला अडवायचे होते. कॅथलिकांनी याविरुद्ध पुष्कळ ओरड केली आणि १८६६ मध्ये नियमात पुन्हा दुरुस्ती करावी लागली. पालकांचा हक्क खरा की नावापुरता, हे ठरविताना तोंड प्रथम कोणी उघडायचे हा प्रश्न किती मोठा असतो, याची ही साक्ष आहे.

आता वर सांगितलेल्या धाग्याकडे वळू. १८६८ मध्ये या सर्व प्रकाराची चौकशी करण्यासाठी लॉर्ड पोविस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्या वेळी आयर्लंडचे मुख्य सचिव कोण होते? लॉर्ड मेयो. हे डब्लिनचे राहणारे, तीन वेळा त्या पदावर आलेले, आणि धर्म व शाळा यांच्या भांडणात मुरलेले गृहस्थ पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६९ मध्ये, हिंदुस्थानचे व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यास दाखल झाले. १८७१ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या सरकारने मुसलमानांच्या शिक्षणाविषयी जो ठराव काढला तो आपल्या समाजाच्या शैक्षणिक इतिहासात सुप्रसिद्ध आहे. मुसलमान मुले सरकारी शाळांत का येत नाहीत याचा विचार करून त्यांच्या भाषांना आणि अरबी-फारसीला शाळेत स्थान द्यावे, मुसलमान शिक्षक नेमावेत, आणि मुसलमानांनी स्वतःच्या शाळा काढल्यास त्यांना सढळ हाताने अनुदान द्यावे, असे त्यात म्हटले होते. शाळा समाजाने चालवावी आणि सरकारने पैसा द्यावा ही घडी मेयो यांना नवी नव्हती, मायदेशी ती त्यांनी रोज पाहिलेली होती. पुढल्याच वर्षी अंदमानात शेरअली आफ्रिदीच्या हातून त्यांचा वध झाला. १८७४ मध्ये मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी, कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोगे प्रभृतींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. अंजुमन या ठरावातून जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तिच्यामागे आपल्याच वडीलधाऱ्यांची दृष्टी होती. पण तिच्यासारख्या संस्थांना उभे राहण्यास जी सरकारी वाट मोकळी झाली, ती वाट आखणाऱ्यांत आयर्लंडहून आलेला हा एक माणूस होता.

आयर्लंड १९२२ मध्ये स्वतंत्र झाले. राज्यकर्ते बदलले, शाळांची घडी तीच राहिली. इंग्रज गेल्यावर सत्ता कॅथलिक बहुसंख्याकांकडे आली, आणि पूर्वी जे तक्रार करीत होते त्यांच्याच हाती आता शाळा होत्या. १९३७ ची राज्यघटना आली. तिच्यात मुलाचा पहिला शिक्षक म्हणजे त्याचे कुटुंब असे तत्त्व मान्य केले गेले. तसेच सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शाळेत मुलाला तेथील धर्मशिक्षणास न बसता शिकण्याचा हक्क देण्यात आला. याच घटनेचा अभ्यास आपल्या घटनाकारांनी केला. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव १९४७ मध्ये डब्लिनला जाऊन आले, आणि आपल्या घटनेतील मार्गदर्शक तत्त्वांचे प्रकरण आयरिश घटनेवरून घेतले आहे हे विद्यार्थी मित्रांनी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेच असेल.

हक्क मिळाला, पण वापरायचा कसा? १९६५ च्या शालेय नियमांत म्हटले होते की धर्मशिक्षण हा शाळेतील सर्वांत महत्त्वाचा विषय असून धर्माची भावना शाळेच्या सर्व कामात भरून राहावी. १९७१ मध्ये नवा अभ्यासक्रम आला. मुलाला केंद्रस्थानी मानणारा, चित्रकला-गाणी-निसर्ग यांना वाव देणारा असा तो अभ्यासक्रम खरोखर चांगला होता. पण त्याने सर्व विषय एकमेकांत गुंफले, आणि त्या गुंफणीत धर्मही आला. स्टॅन्ली यांच्या काळी भिंतीवर पाटी लागत असे, घड्याळ पाहून मूल बाहेर जात असे. आता भाषेच्या धड्यात धर्म, गाण्यात धर्म, चित्रात धर्म. तास कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हेच कळेना, मग मूल उठून जाणार कधी? पुढे १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकले की मुलाला धर्मशिक्षणाच्या तासातून वगळण्याचा हक्क आहे, परंतु धार्मिक शाळा निवडली तर तेथील एकंदर वातावरणापासून संरक्षण मागता येणार नाही. निवडली तर! पण गावात दुसरी शाळाच नसेल तर निवडली या शब्दाचा अर्थ काय, हे न्यायमूर्तींना विचारायला हवे होते.

अशा परिस्थितीत डब्लिनजवळच्या डॉकी भागातील काही आईबाप एकत्र आले. त्यांत कॅथलिक होते, प्रॉटेस्टंट होते, कोणताही धर्म न मानणारेही होते. त्यांचे म्हणणे साधे होते. शेजारी राहणाऱ्या मुलांनी शाळेतही शेजारी बसावे. त्यांनी स्वतःची संस्था नोंदवली, वर्गण्या जमविल्या, सरकारी कचेरीत खेटे घातले. त्यांच्यावर नास्तिकपणाचा आरोप झाला, पत्रके निघाली. अखेर १९७८ च्या सप्टेंबरमध्ये डॉकी स्कूल प्रोजेक्ट या नावाची शाळा तात्पुरत्या जागेत सुरू झाली. शिक्षकांचा पगार सरकारचा, अभ्यासक्रम सरकारचा, व्यवस्थापन पालकांचे. शाळेच्या वेळात सर्व धर्मांविषयी माहिती आणि नीतिशिक्षण द्यायचे. एखाद्या धर्माची दीक्षा देणारे शिक्षण ज्या पालकांना हवे असेल त्यांनी ते शाळा सुटल्यावर त्याच इमारतीत भरवावे. वाचकांच्या लक्षात आले असेल की ही योजना म्हणजे १८३१ चेच पत्र, दीडशे वर्षांनी पुन्हा उघडलेले. १९८४ मध्ये अशा शाळांची एज्युकेट टुगेदर ही संस्था झाली आणि आज तिच्या प्राथमिक शाळा ऐंशीहून अधिक आहेत. तरीही देशातील सुमारे ३,१०० प्राथमिक शाळांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ अद्याप कॅथलिक चर्चच्या आश्रयाखाली आहेत.

आता आपल्या धर्मबांधवांविषयी. १९५९ मध्ये डब्लिनला वैद्यकाच्या व इतर शिक्षणासाठी आलेल्या मुसलमान विद्यार्थ्यांनी डब्लिन इस्लामिक सोसायटी स्थापन केली. जुम्याच्या नमाजासाठीही त्यांच्यापाशी स्वतःची जागा नव्हती. ती १९७६ मध्ये हॅरिंग्टन रस्त्यावरील एका घरात झाली. १९८३ मध्ये साउथ सर्क्युलर रोडवरील एक जुने प्रेस्बिटेरियन चर्च विकत घेऊन तेथे मशीद झाली. विद्यार्थी डॉक्टर झाले, संसार थाटले, मुले शाळेच्या वयाची झाली, आणि आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न तेथे उभा राहिला. बहुतेकांनी मुले जवळच्या कॅथलिक शाळेतच घातली. शिस्त चांगली, मुलगे-मुली वेगळ्या शाळांत, देवाचे नाव घेणारे वातावरण, ही त्यांची कारणे होती. धार्मिक माणसाला निधर्मी शाळेपेक्षा दुसऱ्या धर्माची शाळा जवळची वाटावी हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, पण आपल्याकडेही कॉन्व्हेंटच्या दारात उभ्या असलेल्या कितीतरी पर्दानशीन माता याच विचाराने तेथे आलेल्या असतात.

काहींनी दुसरा मार्ग धरला. देशातील व्यवस्था जर अशी आहे की कोणताही धर्मसमाज आश्रयदाता होऊन शाळा काढू शकतो आणि सरकार पगार देते, तर आपणच का मागू नये? १९९० मध्ये मशिदीच्याच जागेत मुस्लिम राष्ट्रीय शाळा सुरू झाली. सरकारने तिला मान्यता दिली. १९९३ मध्ये ती क्लॉन्स्की येथील नव्या इमारतीत गेली. दुबईच्या शेख हमदान अल मक्तूम यांनी दिलेल्या पैशातून तेथे शाळा आणि इस्लामी केंद्र उभे राहिले. शाळेचे उद्घाटन राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्ते झाले. शहराच्या उत्तर भागात २००१ मध्ये दुसरी शाळा निघाली. या शाळांत इतर शाळांचाच अभ्यासक्रम चालतो, आयरिश भाषा सक्तीची असते, आणि इतर शाळांत ज्या वेळी कॅथलिक धर्म शिकवतात त्या वेळात येथे कुरआन शरीफ व अरबी शिकवतात. गंमत अशी की शिक्षकांची अध्यापन महाविद्यालये परंपरेने चर्चची असल्याने गणित व भाषा शिकविणारे बरेचसे शिक्षक मुसलमान नसतात. मुसलमान संस्थेच्या शाळेत कॅथलिक बाई आयरिश शिकवीत आहेत आणि शेजारच्या वर्गात उस्ताद सुरा पाठ करून घेत आहेत, असे हे दृश्य आहे.

१९९१ मध्ये त्या देशात मुसलमान चार हजारांहूनही कमी होते, २०१६ च्या जनगणनेत ते ६३,००० च्या आसपास भरले, आणि आता ८०,००० च्या वर गेले आहेत. दोन शाळा एवढ्या मुलांना कशा पुरणार? म्हणून आजही त्यांची बहुसंख्य मुले कॅथलिक शाळांतच आहेत. तेथे रोज सुमारे अर्धा तास धर्माचा असतो. दुसरीत तर बाब अधिक अवघड होते. त्या वर्षी कॅथलिक मुलांचा पहिल्या कम्युनियनचा विधी असतो, त्याची तयारी वर्गातच कित्येक आठवडे चालते. नवे कपडे, गाणी, चर्चमधील तालीम, मुलांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. ज्या मुलाच्या वडिलांनी लिहून दिले आहे ते मूल वर्गाच्या मागे रंगकाम करीत बसते किंवा वाचनाचे पुस्तक उघडते. शाळा दुष्ट नसते. दुसरा शिक्षक नसतो, दुसरी खोली नसते. सात-आठ वर्षांच्या जिवाला मात्र एवढेच कळते की सर्वजण पुढे आहेत आणि मी मागे. काही पालक यासाठीच अर्ज देत नाहीत. बसू दे आत, घरी आल्यावर आपण समजावू, असे म्हणतात. त्यांच्या मनात काय चालले असेल ते १८४७ च्या शेतकऱ्याला विचारावे.

जेथे जागाच नव्हती तेथे याहून वाईट झाले. २००७ च्या सप्टेंबरमध्ये डब्लिनच्या उत्तरेस बॅल्ब्रिगन गावी शाळा सुरू झाल्या तेव्हा अनेक मुलांना कोठेच प्रवेश मिळाला नाही. गाव झपाट्याने वाढले होते, जागा कमी पडल्या होत्या, आणि कॅथलिक शाळा नियमाप्रमाणे आधी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना घेत होत्या. तसा नियम करण्यास २००० च्या कायद्यानेच मुभा होती. घाईघाईने एज्युकेट टुगेदरची शाळा उघडली गेली, आणि वर्गात पाहतात तो जवळजवळ सर्व मुले आफ्रिकी वंशाची. कोणी ठरवून केले नव्हते, पण धर्माच्या चाळणीतून वर्णाची चाळण झाली होती. त्या फोटोंनी देशाला हादरा बसला. पुढच्याच वर्षी सरकारने स्वतःच्या आश्रयाखाली दोन सर्वधर्मीय शाळा प्रायोगिक म्हणून काढल्या. तेथे दिवसाचा काही वेळ मुलांना धर्माप्रमाणे वेगळे बसवून शिकविण्याचा प्रयोग झाला. लहान मुलांची अशी वाटणी अनेकांना रुचली नाही, आणि काही वर्षांनी ती पद्धत सोडून देण्यात आली. २०१२-१३ मध्ये ४३ भागांतील पालकांचा कौल घेतला, तेव्हा २८ भागांत निराळ्या प्रकारच्या शाळेची पुरेशी मागणी दिसली. त्यांपैकी फारच थोड्या ठिकाणी चर्चने शाळा प्रत्यक्ष सोपविली. कारण उघड आहे. शाळा सर्वधर्मीय व्हाव्यात असे पुष्कळांना वाटते, आपली मुले शिकतात ती शाळा मात्र बदलू नये असेही त्यांनाच वाटते.

२०१६ मध्ये धर्म सर्व कामात भरून राहावा असे सांगणारा जुना नियम रद्द झाला. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना बाप्तिस्म्याच्या आधारे प्रवेशात अग्रक्रम देणे बंद केले. अल्पसंख्य धर्मांच्या शाळांना, त्यांत मुस्लिम शाळाही आल्या, आपल्या मुलांसाठी जागा राखण्याची सवलत मात्र ठेवली. याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते फारसे गाजले नाही. धर्मशिक्षणास न बसणाऱ्या मुलाची शाळा काय व्यवस्था करील, हे प्रत्येक शाळेने आपल्या प्रवेशधोरणात लेखी सांगावे. १८४७ मध्ये पालकाच्या खांद्यावर टाकलेले ओझे थोडेसे तरी शाळेकडे परत गेले, ते असे.

आपल्या घटनेने ही गोष्ट कशी सोडविली आहे? ज्या संस्था पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्यांत धर्मशिक्षण मुळीच नाही. ज्यांना सरकारी मान्यता किंवा अनुदान आहे त्यांच्याविषयी अनुच्छेद २८ चा तिसरा खंड असे सांगतो की विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची, संमती असल्याखेरीज त्याला तेथील धर्मशिक्षणास वा उपासनेस बसण्याची सक्ती करता येणार नाही. आयरिश घटना म्हणते, पालकाला मूल वगळता येईल. आपली घटना म्हणते, आधी पालकाची संमती पाहिजे. म्हणजे कायद्याच्या भाषेत तोंड प्रथम शाळेने उघडायचे आहे. शेजारी अनुच्छेद ३० आहे, ज्याच्या आधारे आपली संस्था आपल्या शाळा चालविते. दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. कारण पहिले कलम मिशनऱ्यांच्या शाळेत गेलेल्या आपल्या मुलीला जसे लागू आहे, तसेच आपल्या शाळेत आलेल्या बिगरमुस्लिम मुलालाही लागू आहे, आणि अशी मुले आपल्या शाळांतही येतात.

आपल्याकडे या प्रश्नाने आणखी एक वेष घेतला आहे, तो माध्यमाचा. मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती असे वर्ग अनेकदा एकाच इमारतीत भरतात. कागदावर तो भाषेचा विभाग आहे. मधल्या सुट्टीत मैदानावर पाहिले तर तो कशाचा विभाग झाला आहे हे मुलेच सांगतील. उलट कोकणातल्या कितीतरी गावांत घरी मराठीशी जवळची बोली बोलणारी मुले उर्दू शाळेत जातात, काही मराठी शाळेत जातात. दोघेही पहाटे किंवा मगरिबनंतर मकतबात एकाच चटईवर बसून कायदा गिरवतात. शाळा सर्वांची आणि दीन वेगळ्या वेळी, ही स्टॅन्ली यांनी पत्रात मांडलेली व्यवस्था आपल्या वाडवडिलांनी ते पत्र न वाचताच चालविली होती. तिचा खर्च जमातीने उचलला आणि वेळ मुलांनी आपल्या झोपेतून काढला.

प्रवेशाचा अर्ज भरताना त्यात धर्माचा रकाना असतो, मातृभाषेचा असतो, हल्ली माध्यमाचाही असतो. शाळेत कोणती प्रार्थना होते, धर्माचा किंवा नीतिशिक्षणाचा तास कोणता, त्या तासाला न बसणारे मूल कोठे बसते, त्याच्याजवळ कोण असते, हे मात्र अर्जात नसते. डब्लिनच्या पालकांना ते लेखी मिळायला १८३१ पासून १८७ वर्षे लागली. आपल्याकडे ते मुख्याध्यापकांच्या खोलीत विचारावे लागते, आणि विचारणाऱ्यास उत्तर मिळण्याचा अधिकार १९५० पासून आहे.